कोजागिरीची रेकॉर्ड आणि आमचं मंडळ

गोव्यातल्या आमच्या मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत चवथीच्या आरत्या असतात, वार्षिक सभा असते, मुलांचा गुणगौरव असतो. ते सगळं नेमानं होतं आणि व्हायलाच हवं. पण मला विचाराल तर मंडळ खऱ्या अर्थानं भेटतं ते कोजागिरीला, देवळाच्या सभामंडपात सतरंज्या पसरून आम्ही जुन्या रेकॉर्ड ऐकतो तेव्हा. समई लागते, पाहुण्यांना नारळ दिला जातो, अध्यक्ष दोन शब्द बोलतात. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो.

या कार्यक्रमाचं मूळ वाड्यावरच्या थोरल्या घरात आहे. सत्तरच्या दशकात आम्ही नववी-दहावीत होतो. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांचा चावीचा फोनो त्या घरात होता आणि पेटीभर तबकड्या. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही तिथेच. मुली राजांगणाच्या, म्हणजे आतल्या चौकाच्या कडेला, मुलगे बाहेर वसरीवर, आणि फोनो मधल्या दारात स्टुलावर, म्हणजे दोन्हीकडे सारखं ऐकू यावं. चावी देण्याची पाळी ठरलेली असे. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यातही स्प्रिंग सैल झाली की ऐन तानेत गाणाऱ्याचा आवाज खाली घसरायचा, मग ज्याची पाळी तो धावायचा. सुई प्रत्येक बाजूला नवी लावायची हा आजीचा दंडक. पोलादी सुईचं टोक एका बाजूतच झिजतं आणि झिजलेली सुई तबकडीच्या रेघा खाते. सुयांची पत्र्याची डबी आजीच्या कनवटीला असे आणि ती एकेक सुई मोजून देई.

पुढे मुंबईच्या काकांनी विजेवर आणि सेलवर चालणारा प्लेअर आणला आणि आमचं जगच मोठं झालं. ‘मत्स्यगंधा’ची पदं आम्ही त्यावर इतकी ऐकली, की रामदास कामत कुठे श्वास घेतात तेसुद्धा पाठ झालं होतं. १९६४ चं ते नाटक. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, गाणारे कामत साखळीचे. आम्हांला ते घरचंच वाटायचं. मुलग्यांना मात्र ख्रिस पेरी आणि लोर्नाची कोंकणी गाणी हवी असत. त्यावरून कितीदा वाद झाले! शेवटी आजीनंच निवाडा केला, एक पद आणि एक कोंकणी गाणं, आळीपाळीनं. लोर्नाचा आवाज लागला की आजीची बोटंही पाटावर ताल धरत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या वयात एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आणि अजून तशीच आहे. गायक दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. गायिका केसरबाई केरकर केरीच्या. मोगूबाई कुर्डीकर सांग्याकडच्या कुर्डीच्या. मंगेशीला आम्ही सायकलनं जायचो, केरीला आमच्यातल्या दोघींचं आजोळ. इतकी जवळची ही माणसं, पण त्यांचा आवाज आमच्या वसरीवर आला तो मुंबईला जाऊन, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात लाखेच्या तबकडीवर उतरून. पोर्तुगिजांच्या काळात इथे कलेला मोठा रंगमंच नव्हता, तालमीसाठी आणि पोटासाठी बाहेरच पडावं लागे. केसरबाई आणि मोगूबाई दोघींनाही अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली ती गोव्याबाहेर. म्हणून आमच्या कार्यक्रमात तबकडी लावली की मला ती माहेरी आलेल्या लेकीसारखी वाटते. तिला नुसती वाजवून ठेवून द्यायची नसते, तिची विचारपूस करायची असते.

ही विचारपूस म्हणजे आमच्या कोजागिरीचा प्राण. जो रेकॉर्ड आणतो त्यानं उभं राहून ती कुठून आली, घरात कोण ऐकायचं, हे सांगायचं, मगच सुई टेकवायची. भाषण येत नसलं तरी चालतं. मोठे वक्ते आम्ही बोलावलेले आहेत, चांगले बोलले, पण ते माझ्या लक्षात नाहीत. लक्षात आहेत आमचे मास्तर.

मास्तर दरवर्षी एकाच तबकडीबद्दल बोलायचे. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, आधी व्हॉयेजर-२, २० ऑगस्टला, मग व्हॉयेजर-१, ५ सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी, आणि त्यात पृथ्वीवरच्या निवडक संगीताबरोबर ही भैरवी. मास्तर केरीच्या दिशेला हात करायचे आणि सांगायचे, त्या तिथे जन्मलेल्या बाईचा आवाज आता सूर्यापासून दूर दूर चालला आहे. मग जरा थांबून सांगायचे की दुसरं यान सुटल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. सभामंडपात प्रत्येकाला हे तोंडपाठ, लहान मुलांनासुद्धा. तरी त्या ‘अकरा दिवसांनी’शी माझा गळा दाटायचा, आजही दाटतो. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, ते कळल्यावर मास्तरांनी आपल्या भाषणात ते जोडलं. २०१८ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-२ पार झालं, तेव्हा मास्तर नव्हते. पुढच्या कोजागिरीला त्यांच्याच विद्यार्थिनीनं, आता ती फोंड्याला शिक्षिका आहे, तो भाग तसाच सांगितला आणि नवं वाक्य स्वतः जोडलं. तिनं केरीकडे हात केला तेव्हा मागे बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

दुसरी आठवण कुर्डीच्या मावशीची. साळावलीच्या धरणात तिचं गाव गेलं. ऐंशीच्या दशकात सगळे उठून नव्या वसाहतीत राहायला आले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावाची जमीन वर येते, लोक सोमेश्वराच्या दर्शनाला जमतात. मावशी मोगूबाईंची तबकडी घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मोगूबाईंबद्दल काहीच सांगितलं नाही. आपली विहीर कुठे होती, देवळापासून घर किती पावलांवर, आंब्याखाली कोण बसायचं, एवढंच सांगत राहिली, आणि मग म्हणाली, “आता लाव गो.” तबकडीला ओरखडे होते, खरखर होती. पण त्या खरखरीतून षड्ज लागला तसा सभामंडपात कुणी हललं नाही. मोठमोठ्या महोत्सवांत मी गाणं ऐकलं आहे, कला अकादमीतला केसरबाईंच्या नावाचा समारोह सहसा चुकवत नाही, पण असं ऐकणं मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

म्हणूनच उपस्थितीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. थोरल्या घराच्या वसरीवर जे आमच्याबरोबर बसायचे त्यांतले बरेच जण आज पणजीला, पर्वरीला आहेत. तासाभराचा रस्ता. फोन केला की “पुढच्या वर्षी नक्की” म्हणतात. लग्नाच्या जेवणाला येतात, जत्रेला येतात, कोजागिरीला येत नाहीत. मला याचं दुःख होतं. काही जण दूध होईपर्यंत बसतात आणि मोगूबाईंच्या आधी उठतात, त्याचंही होतं. कारण समोर पंधरा माणसं असली तरी बोलणारा उभा राहतोच, पण आपल्याच वयाचं कुणी समोर दिसलं की त्याला आणखी चार गोष्टी आठवतात.

आता ज्यांच्यामुळे हे उभं राहतं त्यांच्याबद्दल. सतरंज्या आणि समई देवस्थान देतं. तबकड्यांना पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून चवथ झाली की त्या मलमलच्या फडक्यानं पुसण्याचं काम तीन घरांतल्या सुना करतात. त्यांतल्याच एकीनं सगळ्या रेकॉर्डची वही सुंदर अक्षरात लिहून काढली आहे. सुया मुंबईहून आणणारे भाचे, प्लेअरचा पट्टा तुटला तेव्हा रात्री येऊन बसवून गेलेला रेडिओवाला, वेलची-केशर घालून दूध आटवणारी काकी आणि तिला चूल पेटवून देणारा तिचा नातू, पोह्यांसाठी नारळ पाठवणारे कुळागरवाले, मार्दोळहून जाईच्या माळा आणणारी फुलकार बाई, मावशीला गाडीनं आणून परत पोचवणारा जावई, पाऊस आला तर शाळेची खोली उघडून देणारे शिपाईमामा, देवळाच्या वाटेवरचा दिवा पाठपुरावा करून लावून घेणारे पंच, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सभामंडप झाडणाऱ्या दोघी बहिणी. आभाराच्या भाषणात माईकवाल्याचा उल्लेख नेहमी राहतो, कारण तेव्हा तो वायर गुंडाळत असतो. तो पैसे घेत नाही, कधी घेतलेले नाहीत. आणि मैत्रिणीची आजी. तिची सुयांची डबी आता मंडळाच्या कपाटात आहे.

यंदा केरीची तबकडी मास्तरांची नात लावणार आहे, ती अकरावीत आहे. मावशीनं येणार म्हणून कळवलं आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या रेकॉर्ड पडून असतील त्यांनी एक तरी घेऊन यावी, फुटकी कड असली तरी चालेल. आणि थोडं बोलावं. सात वाजता समई, साडेसातला पहिली सुई.