भाचीने विचारलं, नर्सिंगच्या आधी एक वर्ष दवाखान्यात नोकरी करू का

परवा रात्री भाचीचा फोन आला. बारावीचा निकाल लागून आठ दिवस झालेत, सीईटी पण देऊन झालीय, म्हणजे खरं तर खुश असायला पाहिजे, पण पोरगी इतक्या हळू आवाजात बोलत होती की मला वाटलं घरात कुणाचं काही झालं का काय. मग म्हणाली, "मावशी, मी आधी एक वर्ष दवाखान्यात कामाला जाऊ का? मग ॲडमिशन घेते. सगळे म्हणतात अनुभव नसला तर नर्सिंगला टिकत नाही." सगळे म्हणजे कोण गं, तर गल्लीतल्या एक काकू आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला भाऊ. मी फोनवर एवढंच म्हटलं की नको, आधी फॉर्म भर, बाकी आपण बोलू. पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना, नाईट ड्युटीला पण तेच, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि आपल्या जळगाव धुळे नंदुरबारकडच्या ज्या पोरींना हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी पण.

पहिलं म्हणजे ॲडमिशनला अनुभव कुणी विचारतच नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बारावी ४० टक्के आणि इंग्रजी पाहिजे, आर्ट्सवाली पण चालते, सायन्सवाल्यांना प्राधान्य. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं, ओपनला ४५ टक्के, वय १७ पूर्ण. पुढे सीईटीचे मार्क आणि कॅप राऊंड, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्र ॲडमिशनच्या फेऱ्या. कोणत्या दवाखान्यात किती महिने काम केलं याचा अर्धा मार्क पण मिळत नाही. अनुभव मागतात तो एम.एस्सी. नर्सिंगला, बी.एस्सी. झाल्यावर एक वर्षाचा, आणि तो रजिस्ट्रेशन झालेल्या नर्सचा अनुभव असतो. मेडिकलवाल्या भाऊने बहुतेक तेच कुठेतरी ऐकलं असेल.

आता माझं सांगते, कारण मी स्वतः अनुभव घेऊन गेलेली आहे. आमच्याकडे त्या वर्षी कपाशी गेली, फी भरायला पैसे नव्हते, मग मी तालुक्याच्या गावात एका खाजगी दवाखान्यात लागले, १४ महिने काम केलं, महिन्याला अठराशे रुपये. तिसऱ्या दिवसापासून पेशंट मला सिस्टर म्हणायला लागले. पंधराव्या दिवशी मी इंजेक्शन देत होते, महिनाभरात सलाईन लावत होते, आणि मला त्याचा फार अभिमान होता. घरी आल्यावर आईला हातवारे करून सांगायचे की शीर कशी सापडते.

मग जीएनएमला गेले, आमच्या वेळी साडेतीन वर्षांचं होतं, आता तीन झालंय. पहिल्याच वर्षी फिमेल मेडिकल वॉर्डला पोस्टिंग. बाकीच्या पोरी स्टेथोस्कोप कानात उलटा घालायच्या आणि मी पटापट सगळ्यांच्या पुढे. पारोळ्याकडची एक आजी होती, जाड नऊवारी, लांब बाहीची चोळी, सारखं म्हणायची "माय, माले चक्कर येस वं." मी गेले, बाहीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, एकशेवीस ऐंशी सांगून मोकळी झाले, पुरतं मिनिट पण लागलं नाही. मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, परत घे. परत तेच. मग त्यांनी मला बाजूला केलं नाही, माझाच हात धरला. आजीची बाही वर केली, कोपराच्या आतल्या बाजूला माझी दोन बोटं दाबून धरली, इथे नाडी लागते का बघ, लागली. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधला, आजीचा हात उशीवर छातीच्या लेव्हलला ठेवला, मनगटाची नाडी धरून फुगवत जायला लावलं आणि नाडी जिथे गायब झाली तो आकडा लक्षात ठेवायला सांगितला. मग हवा सगळी सोडून, जरा थांबून, आता स्टेथोस्कोप लाव, त्या आकड्याच्या ३० वर ने, आणि हळू सोड, अगदी हळू. पहिला ठोका १६८ ला आला. शेवटचा १००.

आजीला चक्कर येत होती आणि मी तिला १२० सांगितलं होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, "तिकडे तू रोज किती जणांचं बीपी घ्यायचीस?" मी म्हटलं वीसएक. त्या रात्री होस्टेलला मला झोप आली नाही, मी हिशोब करत बसले होते, रोजचे वीस, १४ महिने, आणि त्यातल्या कितीजणांना मी सगळं नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवलं असेल. आजही ओपीडीत एखाद्या म्हातारीची बाही वर करताना ते आठवतं.

आणि बीपी एकच नव्हतं. नाडी मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचे, तिकडे सगळेच लावायचे, दोनदा बोटाला टोचली तर पाण्याखाली धरून कामाला लागले, कुणाला सांगितलं पण नाही. सलाईनचं तर तिकडे दोनच स्पीड होते, जोरात आणि हळू. कॉलेजात कळलं की याचं साधं गणित असतं, ५०० एमएल चार तासात द्यायचं आणि सेट २० थेंबांचा असेल, म्हणजे २० थेंबांना एक एमएल, तर पाचशे गुणिले वीस भागिले दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब, घड्याळ धरून मोजायचे. हार्टच्या नाहीतर किडनीच्या पेशंटला "जोरात" सोडलं तर फुफ्फुसात पाणी भरतं. हे मला १४ महिन्यात एकदाही कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार कोण, जी मला शिकवायची ती पण अशीच माझ्यासारखी बघून बघून शिकलेली. नवीन पोरीला एकदा शिकवायचं असतं, माझं आधीचं काढून मग नवीन घालायचं होतं, आणि हाताला लागलेली सवय सुटायला मला सहा महिने लागले.

माझ्याच बॅचला धडगावकडची एक पावरा समाजाची मुलगी होती. दवाखान्याचा अनुभव शून्य. पहिला आठवडाभर ती वॉर्डात भिंतीला चिकटून उभी राहायची. पण पुस्तकात लिहिलंय श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा तर ती पूर्ण एक मिनिटच मोजायची, बाळाचा शर्ट वर करून, पोटाकडे बघत. पिडियाट्रिकला एक सात महिन्याचं बाळ आलेलं, आईच्या मांडीवर शांत पडलेलं, आणि आम्ही अनुभवी लोक लांबूनच चार्टवर लिहितो तसं त्याच्या चार्टवर काहीतरी लिहिलेलं होतं. हिने मोजले, ५८ आले. स्वतःवर विश्वास नाही म्हणून परत मोजले, तेच. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला ५० किंवा त्याहून जास्त झाले की धोका, हे ती आदल्या रात्रीच वाचून आलेली. धावत सिस्टरकडे गेली, डॉक्टर आले, न्यूमोनिया निघाला, ऑक्सिजन लागला. ते बाळ मी पण पाहिलं होतं हो, दहा मिनिटं आधी, आणि मला ते झोपलेलं वाटलं होतं.

तिच्याकडे अनुभव नव्हता असं म्हणणं पण मला आता बरोबर वाटत नाही. एकदा सातपुड्यातलाच एक पंधरा सोळा वर्षांचा पोरगा गुडघे धरून विव्हळत होता, एक्सरेत काही नाही, शेजारच्या कॉटवरचे म्हणायला लागले नाटक करतोय. ती सरळ जाऊन त्याच्याशी पावरीत बोलली, त्याला पाणी पाजलं, पांघरूण घातलं आणि सिस्टरला जाऊन सांगितलं की याला सिकलसेल असेल, माझ्या भावाला असंच होतं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकून बसतात, त्याचं दुखणं किती असतं ते तिने घरात रात्र रात्र पाहिलेलं होतं. टेस्ट केली, तेच निघालं. नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा आजार किती आहे ते आपल्याला माहितीय, २०२३ पासून तर केंद्र सरकारचं सिकलसेल मिशन पण सुरू झालंय.

नर्सिंगच्या शपथविधीला दिवे लावले तेव्हा मॅडमनी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं एक सांगितलं होतं ते माझ्या डोक्यात बसलंय. त्या बाई नातेवाइकांची, आजूबाजूच्या गावातल्या गरिबांची सेवा कितीतरी वर्षं करत होत्या, म्हणजे अनुभव भरपूर, तरीही १८५१ साली एकतिसाव्या वर्षी जर्मनीत कैसरस्वर्थला जाऊन तीन महिने नीट शिकून आल्या. आणि पुढे १८६० ला लंडनच्या सेंट थॉमसला शाळाच काढली.

मग माझे १४ महिने वाया गेले का? नाही, आणि हे मला मनापासून सांगायचंय. उलटी, पू, जळालेल्या माणसाचा वास, रात्री तीन वाजता डोळे मिटत असताना वाजलेली बेल, हे सगळं मला नवीन नव्हतं. नातेवाईक अंगावर धावून आले तर आवाज खाली ठेवून कसं बोलायचं ते मी तिथल्या एका मावशींकडून शिकले, त्यांना सही करता यायची नाही पण मेलेल्या माणसाचे डोळे मिटून, हातपाय सरळ करून, मगच त्या घरच्यांना आत बोलवायच्या. आमच्या बॅचच्या दोन पोरी पहिल्या तीन महिन्यातच सोडून गेल्या, एकीला बेडपॅन देणं जमलं नाही, दुसरी ड्रेसिंग बघताना दोनदा चक्कर येऊन पडली (चक्कर तशी बऱ्याच जणींना येते, नंतर जाते, पण तिच्या मनानेच घेतलं). त्यांच्या वडिलांची फी गेली ती गेलीच. आधी आठ दिवस वॉर्ड पाहिला असता तर कळलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की बघून ये, पण त्यासाठी वर्ष घालवू नको. नात्यातलं कुणी ॲडमिट असेल तर दोन रात्री सोबत थांब, त्यातली एक जनरल वॉर्डात. गावातल्या आशाताईंना विचार आणि त्यांच्यासोबत फिर. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ बघतात, वजन, ताप, दूध ओढतंय का, नाळ कोरडी आहे का. दोन घरं बघितली तरी पोरीला कळतं की हे काम आपल्याला आवडणार आहे का नाही.

आणि घरच्या परिस्थितीमुळे कामाला जावंच लागलं, माझ्यासारखं, तर जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मदतनीस म्हणून जा, चादरी बदल, पेशंटला चालव, भरव, केस पेपर लाव. इंजेक्शन दे म्हटलं, सलाईन लाव म्हटलं तर हात जोडून नाही म्हण. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नसताना ते करणं कायद्यात बसत नाही, आणि काही झालं तर डॉक्टर सांगणार की या मुलीने दिलं. मला कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यापेक्षा जास्त चौकशी कॉलेजची कर. मान्यता आहे का, आणि वॉर्डची पोस्टिंग कुठे, तिथे पेशंट किती असतात. एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट असावेत असा नियम आहे. रिकाम्या कॉटवर पुतळा झोपवून शिकलेल्या पोरी मी पाहिल्यात, तीन वर्षांनी आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, धरायची भीती वाटते, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

हे सगळं तिला सांगायला रविवारी मी स्वतःच गेले. कळण्याची भाकरी, भरीत, सगळे बसलेलो, तर तिची आजी, म्हणजे तिच्या वडिलांची आई, काठी टेकत आतून चालत आली. मागच्या दिवाळीनंतर त्यांचा खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं, दीड महिना पलंगावर होत्या, आणि घरचे शेतात म्हणून सगळं ही पोरगीच करायची, बारावीचा अभ्यास पलंगाशेजारी बसून. मी सहज विचारलं, पाठीला जखम झाली होती का गं आजीच्या?

"नाही. दर दोन तासांनी कूस बदलायचे ना. रात्री मोबाईलला अलार्म लावायचे."

"कुणी सांगितलं होतं तुला, डॉक्टरांनी?"

"कुणी नाही. तिसऱ्या दिवशी पाठ लाल दिसली म्हणून."

मी ताट बाजूला सरकवलं, हात धुतले आणि तिला म्हटलं, लॅपटॉप आण, आत्ताच कॅपचा फॉर्म भरू. डोमिसाईल होतं, जातीचा दाखला होता, नॉन क्रिमीलेअर तेवढं काढायचं राहिलंय, त्यासाठी उद्या ती आणि तिचे पप्पा तहसीलला जाणार आहेत.