शेरमन नावाचा बैल

शिकागोच्या दक्षिण भागात एक्सचेंज ॲव्हेन्यूवर चुनखडीच्या दगडात बांधलेली तीन कमानींची वेस आहे. तिला तट नाही की आत गाव नाही. एका दुपारी मधल्या कमानीवर कोरलेले बैलाचे मुंडके दिसले आणि मी भाचीला घेऊन गाडीतून खाली उतरलो.

२५ डिसेंबर १८६५ रोजी, ऐन नाताळात, येथे युनियन स्टॉक यार्ड हा गुरांचा बाजार सुरू झाला. रेल्वे कंपन्यांनी आपापले विखुरलेले तळ मोडून दलदलीच्या जागेवर तो वसवला आणि पश्चिमेकडची गुरे वाघिणींत भरून येथे उतरू लागली. पुढे मांसाचे व्यापारी गस्टाव्हस स्विफ्ट यांनी बर्फाने गार ठेवलेल्या डब्यांतून थेट मांसच पूर्वेला धाडायला सुरुवात केली, तेव्हा जिवंत जनावरांच्या भाड्यावर पोसलेल्या याच कंपन्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. १९७१ मध्ये बाजार उठला. वेस मात्र राहिली.

लहानपणी आजोबांबरोबर मी बैलबाजारात जात असे. आजोबा आणि व्यापारी हातात हात देत, त्यावर उपरणे पडे, आणि आतल्या आत बोटे दाबून भाव ठरे; बाहेरून दिसे ती केवळ कापडाची चुळबुळ आणि आजोबांचा निर्विकार चेहरा. तेथे दात पाहिले जात, खांदा चाचपला जात असे. शिकागोत सौदा वजनावर होई. आमच्या प्रत्येक बैलाला नाव होते, येथे आलेल्या कोट्यवधी जनावरांपैकी नाव टिकले ते बहुधा वेशीवर कोरलेल्या या एकट्या शेरमनचे, आणि तेही यार्डाचे प्रमुख जॉन शेरमन यांच्यावरून ठेवलेले.

१८७९ च्या सुमाराची ही वेस बर्नहॅम आणि रूट या वास्तुरचनाकारांची मानली जाते, आणि डॅनियल बर्नहॅम हे शेरमन यांचे जावई. सासऱ्याच्या नावाचा बैल वेशीवर चढवून पुन्हा सासुरवाडीला जेवायला जाणारा जावई आपल्याकडे निपजणे कठीण! ही गंमत भाचीला सांगायचे मी मनाशी ठरवले होते.

तेवढ्यात ती वेशीमागच्या स्मारकाकडे गेली. २२ डिसेंबर १९१० रोजी यार्डातील इमारतीला लागलेली आग विझवताना भिंत कोसळून अग्निशमन दलाचे २१ जण दगावले. दलाचे प्रमुख जेम्स होरान त्यांतच होते. मला सासऱ्या-जावयाचे काही सांगवेना.