रस्ता ३०१: वळू घोड्यांच्या जाहिराती वाचत मेरिलँड ते विल्यम्सबर्ग

"अमुक नावाचा घोडा, रंग कुमैत, उंची पंधरा हँड तीन इंच, या हंगामात अमक्याच्या मळ्यावर उभा राहील. एका उडीला इतके शिलिंग, पूर्ण हंगामाला इतके, मोतद्दाराला वेगळे. घोडीला चराई फुकट. मात्र पळून गेल्यास जबाबदारी घेतली जाणार नाही. पैसे घोडीबरोबरच पाठवावेत."

अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात वसंत जवळ आला की वर्तमानपत्रांत अशा जाहिराती लागत. वरचा मजकूर कुठल्या एका जाहिरातीचा नाही, नेहमीच्या मसुद्याचा सांगाडा आहे. त्यात 'हँड' हे घोड्याची उंची मोजायचं चार इंचांचं माप, 'उभा राहील' म्हणजे भरवणीसाठी, घोड्या गाभण करायला, उपलब्ध असेल, आणि 'उडी' म्हणजे घोडीशी एक संयोग. दोन-चार सलग वाचल्या की लक्षात येतं, यातलं प्रत्येक कलम आधी कुठेतरी झालेल्या भांडणातून आलंय. ही भांडणं कशामुळे होत, ते कळायला जमीन, नद्या आणि अंतरं बघावी लागतात. त्यासाठी हा दोन दिवसांचा प्रवास. वॉशिंग्टनच्या आसपास मुलांकडे आलेल्या आणि घोड्यांची आवड असलेल्या मंडळींना सहज जमण्यासारखा आहे.

सुरुवात मेरिलँडमधल्या बोवीपासून. बेलएअरची विटांची हवेली १७४५च्या सुमाराची, गव्हर्नर सॅम्युअल ओगल याची. त्यानं १७४७मध्ये इंग्लंडहून स्पार्क हा वळू घोडा आणि क्वीन मॅब ही घोडी आणली. पुढे १७५०मध्ये त्याचा मेहुणा बेंजामिन टास्कर यानं गोडॉल्फिन अरेबियन या नामांकित वळूची मुलगी सेलिमा आणली. भोवती आता १९६०च्या दशकातली एकसारखी घरं आहेत, त्यामुळे हवेलीचं फाटक येईपर्यंत आपण बरोबर आलोय याची खात्री पटत नाही. जवळच तबेल्याचं संग्रहालय आहे. तिथला दगडी तबेला बघून 'हाच तो' म्हणू नका, तो १९०७चा. तो गॅलंट फॉक्स (१९३०) आणि ओमाहा (१९३५) या तिहेरी मुकुटवाल्या (अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकणाऱ्या) बापलेकांच्या काळातला. वसाहतकाळाचा तबेला उरलेला नाही. तरी इथे यायचं ते जमीन बघायला: हलका उतार आणि गवत धरणारी माती. वळू घोड्याच्या धंद्यात घोड्याइतकंच कुरण लागतं. एका हंगामात बाहेरच्या तीस-चाळीस घोड्या येऊन राहिल्या तर त्या खाणार काय?

बोवीहून ३०१ थेट दक्षिणेला जातो. पोटोमॅकवरच्या पुलाचा टोल फक्त दक्षिणेकडे जाताना लागतो आणि रोखीत घेत नाहीत. पूल उतरल्यावर थोड्याच वेळात रॅपाहॅनॉक नदीकाठचं पोर्ट रॉयल येतं. चार गल्ल्यांचं झोपाळू गाव, पण एके काळचं तंबाखूचं बंदर. १७३०च्या कायद्यानं तंबाखू सरकारी वखारीत तपासून घ्यायची सक्ती झाली, आणि वखारीची पावती लोक पैशासारखी फिरवू लागले. घोड्याच्या भरवणीचे पैसेही अशा पावत्यांत चुकते होत. अडचण वेळेची होती. भरवणी वसंतात, तंबाखूची कापणी उन्हाळ्याच्या शेवटी, आणि सुकवून, पिंपात भरून वखारीत पोचेपर्यंत हिवाळा. तोवर घोडी रिकामी, म्हणजे गाभण न राहिल्याचं कळलेलं असे, आणि मालक पैसे द्यायला नाखूश. 'पैसे घोडीबरोबरच' या कलमाचा अर्थ इथल्या धक्क्यावर उभं राहिलं की कळतो.

घोडे आले तेही याच नद्यांमधून, तंबाखू नेणाऱ्या जहाजांच्या परतीच्या फेरीत. प्रवास दीड-दोन महिन्यांचा. घोड्याला दिवसाला किमान २५ लिटर पाणी धरलं तरी ५० दिवसांचं १,२५० लिटर होतं, वर चारशे-पाचशे किलो गवत. वारा पडला आणि प्रवास लांबला तर पहिली कात्री घोड्याच्या पाण्यालाच लागे. पोटाखालून कापडी झोळी लावून घोडा तोललेला असे. झोळीत तो लटकत नाही; जहाज हललं तर पडू नये एवढाच तिचा उपयोग. हालचाल नाही, पाणी कमी आणि गवत कोरडं, म्हणजे पोटशूळ ठरलेला. उतरल्यावर पाय सुजलेले, अंगावरचं मांस गेलेलं. असा घोडा आल्या आल्या भरवणीला लावला तर पहिला हंगाम वाया जायचा.

पोर्ट रॉयलहून बोलिंग ग्रीनपर्यंतचा रस्ता लष्करी तळाच्या हद्दीतून जातो. दोन्ही बाजूंना नुसती झाडी. हा कॅरोलाइन परगणा. इथल्या जॉन बेलरनं आपल्या मळ्याचं नावच न्यूमार्केट ठेवलं होतं, इंग्लंडमधल्या शर्यतींच्या गावावरून. १७६४मध्ये त्यानं फिअरनॉट हा वळू आणला: १७५५चा जन्म, रेग्युलसचा मुलगा, म्हणजे गोडॉल्फिन अरेबियनचा नातू. आल्या वेळी वय नऊ वर्षं, आणि ही नऊ वर्षंच महत्त्वाची. व्हर्जिनियात आलेला पहिला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची इंग्रजी जात) म्हणून ज्याचं नाव घेतात तो बुल रॉक १७३०मध्ये आला तेव्हा २१ वर्षांचा होता. मंकी नावाचा वळू आला तेव्हा २२ वर्षांचा. कारण सरळ आहे: इंग्रज पैदासकार चांगला तरुण घोडा हातचा सोडत नसत, म्हातारा स्वस्तात देत. म्हाताऱ्या घोड्याची इच्छा टिकते, पण घोड्या गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं, आणि ते हंगाम संपल्यावरच कळतं. फिअरनॉट १७७६मध्ये मेला. तोवर जवळजवळ बारा हंगाम मिळाले, आणि व्हर्जिनियाच्या घोड्यांवर त्याची छाप बसली ती त्यामुळे. वसाहतकाळ संपल्यावर याच बोलिंग ग्रीनच्या जॉन हूम्सनं इंग्लंडमधल्या पहिल्या डर्बी शर्यतीचा विजेता डायोमेड १७९८मध्ये ५० गिनींना घेतला. तोही २१ वर्षांचा, आणि शिंगरं देत नाही अशी त्याची अपकीर्ती. तो मात्र इथे येऊन दहा वर्षं चालला. अपवादच म्हणायचा, त्याच्या भरवशावर म्हातारे घोडे घेणारे बुडाले असतील.

आता मुख्य कलम: 'उडी' की 'हंगाम'?

घोडी वसंतात, दिवस मोठा होत जातो तसा माजावर येते. माज साधारण पाच ते सात दिवस टिकतो आणि चक्र सुमारे २१ दिवसांचं. बीज सुटतं ते माजाच्या अगदी शेवटी, तो ओसरायच्या एक-दोन दिवस आधी. शेतकरी मात्र घोडी माजावर दिसली की त्याच दिवशी निघणार. वीस-तीस मैल चालवत आणून पहिल्याच संध्याकाळी एक उडी देऊन परत नेली, तर ती उडी बहुधा फुकट. घोडी आनंदानं उभी राहते, मोतद्दाराला शिलिंग मिळतो, आणि हाती काही लागत नाही. एका उडीचा दर कमी दिसतो तो यामुळेच. धोका सगळा घोडीवाल्याचा. हंगामाचा दर भरला की घोडी तिथेच ठेवायची, माज ओसरेपर्यंत दिवसाआड भरवायची, मग अठरा-वीस दिवसांनी पुन्हा घोड्यासमोर आणून बघायची. लाथा झाडून नकार दिला तर गाभण धरायची. हीही पक्की खूण नाही: काही गाभण घोड्या माज दाखवतात, आणि काही रिकाम्याच नकार देतात. खरं उत्तर शरद ऋतूत पोट दिसल्यावर, नाहीतर सुमारे ३४० दिवसांनी शिंगरू पडल्यावर. गाभण राहण्याच्या 'हमी'चा तिसरा, सर्वांत महाग दर याचसाठी होता. व्यालेली घोडी असेल तर हिशेब सोपा: व्याल्यावर सात ते दहा दिवसांत ती पुन्हा माजावर येते, आणि तो दिवस मोजून गाठता येतो. अर्थात शिंगरू बरोबर चालवत आणावं लागतं.

प्रत्यक्ष काम धोक्याचं. लाथ बसू नये म्हणून घोडीला पिछाडी बांधायची, शेपटीचे केस कापडात गुंडाळायचे (केस मध्ये आला तर घोड्याला चिरतो), बुजरी असेल तर वरच्या ओठाला दोरीचा पीळ. महागडा घोडा आधी पुढे करायचाच नाही. एखाद्या हलक्या घोड्याकडून घोडीची तयारी तपासून घ्यायची. दिवसाला दोनपेक्षा जास्त घोड्या लावल्या तर मालकाची कमाई वाढते आणि गाभण राहणाऱ्यांची संख्या घटते. हे सगळं करणारे हात बहुतेक गुलाम केलेल्या काळ्या माणसांचे होते. जाहिरातीत घोड्याच्या पणज्यापर्यंत नावं असतात आणि मोतद्दाराचा नुसता शिलिंग.

बोलिंग ग्रीनहून पुन्हा पोर्ट रॉयलला येऊन रस्ता क्र. १७ धरायचा. टॅपाहॅनॉकपर्यंत नदी डाव्या हाताला राहते. तिथून पूल ओलांडून वॉर्सॉजवळ माउंट एअरी आहे, जॉन टेलो याचं १७६०च्या आसपासचं दगडी घर. खासगी आहे, त्यामुळे फाटकातूनच परतायची तयारी ठेवा. वाटेत काही ठिकाणी नागमोडी लाकडी कुंपणं दिसतात: खांब नाहीत, खिळे नाहीत, फोडलेली लाकडं आडवी-तिडवी एकमेकांवर रचलेली. 'पळून गेल्यास जबाबदारी नाही' हे कलम या कुंपणातून जन्मलं. व्हर्जिनियात कुंपण पिकाला घालत. जनावरं मोकळी फिरत. आडवी लाकडं रचलेलं हे कुंपण घोडीनं छातीनं रेटलं की वरची दोन खाली येतात, आणि परक्या कुरणातली घोडी पहिल्या आठवड्यात घराच्या दिशेनं निघतेच. वाटेत एखादा मोकाट टट्टू भेटला तर शिंगरू त्याचं आणि बिल थरोब्रेडचं. अशा मोकाट खुज्या घोड्यांविरुद्ध व्हर्जिनियानं १६८६मध्येच कायदा केला होता: साडेतेरा हँडपेक्षा बुटका वळू मोकळा सोडायचा नाही. उंची मोजायची ती खोगिराच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत.

बुटक्यांवरून जॅनस हा वळू आठवतो. सुरंग रंगाचा, जेमतेम चौदा हँडांचा, तोही गोडॉल्फिनचा नातू. ग्लॉस्टर परगण्याच्या मोर्डेकाय बूथनं १७५०च्या दशकात आणला. इंग्लंडात तो चार मैलांच्या शर्यती पळला, आणि इथे त्याची पोरं पाव मैलात वाऱ्यासारखी सुटणारी निघाली. पुढे तो व्हर्जिनियाच्या दक्षिणेकडच्या परगण्यांत आणि उत्तर कॅरोलिनात उभा राहिला. तिथे जंगलात कापलेल्या सरळ पट्ट्यांवर पाव मैलाच्याच शर्यती चालत, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं.

पूल ओलांडून परत १७ क्रमांकाच्या रस्त्यावर आलं की पुढे ग्लॉस्टर. डिसेंबर १७५२मध्ये इथे विल्यम बर्डच्या ट्रायल या घोड्याविरुद्ध बेलएअरची सेलिमा पळाली. चार मैल, प्रत्येकी ५०० पिस्तोल, म्हणजे स्पॅनिश सोन्याची नाणी. बेलएअरहून सुमारे दीडशे मैल ती पायी चालत आली आणि जिंकली. आपण गाडीनं जेवढं आलो, साधारण तेवढंच. त्यानंतर व्हर्जिनियावाल्यांनी मेरिलँडमध्ये जन्मलेले घोडे शर्यतीला बंद केले, आणि टास्करनं घोड्या विण्यापुरत्या व्हर्जिनियात पाठवून तोड काढली, असं सांगतात. ओथेल्लो या वळूपासून सेलिमाला झालेला मुलगा सेलिम १७५९चा. गावात यातलं काही बघायला उरलेलं नाही. चहा घ्या आणि पुढे चला.

यॉर्क नदीवरचा पूल उतरला की यॉर्कटाउन, आणि तिथून झाडीतल्या कॉलोनियल पार्कवेनं तेरा मैलांवर विल्यम्सबर्ग. घोडागाड्यांना जुंपलेले घोडे बघाल, पण ते थरोब्रेड नव्हेत. इथे क्लीव्हलँड बे आणि अमेरिकन क्रीम ही दुर्मिळ वाणं जपली आहेत. आमच्या लेखी खरं ठिकाण छापखाना. अक्षरांचे खिळे हातानं जुळवताना आणि दाबयंत्र ओढताना बघितलं की जाहिराती इतक्या आखूड आणि एका साच्याच्या का, हे विचारावं लागत नाही. तरी वंशावळीला जागा दिलेली असते, कारण तिला दुसरा आधार नव्हता. थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळींची नोंदवही, इंग्लंडातलं जनरल स्टड बुक, १७९१चं, अमेरिकेतलं १८६८चं. तोवर कुणीतरी सही केलेला कागद आणि ही जाहिरात, एवढाच पुरावा. एकाच नावाचे दोन-तीन घोडे असत, म्हणून जन्मसाल, रंग आणि आणणाऱ्याचं नाव तिन्ही जुळल्याशिवाय कुठलाही जॅनस 'तो' जॅनस धरू नका.

घरी परतल्यावर व्हर्जिनिया गॅझेटची पानं विल्यम्सबर्गच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट बघता येतात. मार्च-एप्रिलचे अंक आधी काढा. यंत्रानं वाचलेल्या प्रतींत शोध घेताना एक अडचण येते: त्या काळचा लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो. 'सीझन' शोधाल तर निम्म्या जाहिराती निसटतील. 'एस'च्या जागी 'एफ' घालून 'फीफन' (feafon) आणि 'हॉर्फ' (horfe) असं रोमन अक्षरांत टंकून बघा.