जाळीच्या अलीकडे

कॅन्सस सिटीत अकरा दिवस होतो, त्यातले दहा ताईच्या घरी झोपा काढण्यात गेले. शहर बार्बेक्यूचं, आम्ही शाकाहारी. म्हणजे धुराचा वास घ्यायचा आणि घरी येऊन थालीपीठ खायचं. शेवटी भावोजींनाच दया आली. "चल, तुला बेसबॉल दाखवतो."

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. बेब रूथ हे एक नाव माहीत, तेही शब्दकोड्यांमुळे. तरी गेलो. अठरावा रस्ता आणि व्हाइन स्ट्रीटच्या परिसरात निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम आहे. (तो शब्द आज कुणी उच्चारत नाही, पण तेव्हा लीगचं नावच ते होतं.)

आत शिरलो तर समोर छोटंसं मैदान आणि त्यावर ब्राँझचे खेळाडू, खऱ्या माणसाएवढे, आपापल्या जागी. मी फोन काढला. मध्ये जाळी! कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसली. फोन हट्टाने जाळीवरच फोकस करत होता, खेळाडू सगळे धूसर. दार कुठे आहे विचारलं, तर तिथला माणूस हसून म्हणाला, आधी सगळं म्युझियम बघा, मैदान शेवटी. माझं डोकंच फिरलं. तिकीट काढलंय, मैदान दोन हातांवर आहे, आणि वळसा कसला घालायला लावता? देवळातली दर्शनरांग इथेही सुटली नाही म्हणायचं.

"मी तीनदा बघितलंय, तू ये फिरून," म्हणत भावोजी तिथेच थांबले. "आणि चिडू नकोस. काळ्यांना गोऱ्यांच्या लीगमध्ये घेत नसत. ही जाळी त्याचीच आहे."

मग फिरलो. १९२० साली इथून जवळच्याच वायएमसीएमध्ये रूब फॉस्टरने ही लीग उभी केली. गावोगावी बसने जायचं, मॅच खेळायची, आणि हॉटेलवाल्याने दार लावलं की बसमध्येच झोपायचं. कूल पापा बेल इतका चपळ, की दिव्याचं बटण दाबून खोलीत अंधार व्हायच्या आत अंथरुणात शिरायचा, अशी त्याची दंतकथा. खेळणं सोडल्यावर तो सेंट लुईसच्या सिटी हॉलमध्ये रात्रपाळीचा पहारेकरी होता. हे वाचून मी तिथेच थबकलो.

आणि जॉश गिब्सन. मेजर लीगने, म्हणजे पूर्वी फक्त गोऱ्यांची असलेल्या मुख्य लीगने, २०२४ मध्ये काळ्यांच्या या लीग्जचे आकडे आपल्या दप्तरात घेतले, तेव्हा याची फलंदाजीची सरासरी .३७२ सगळ्यांच्या वर गेली. शंभर वेळा खेळायला उभा राहिला तर सदतीस वेळा हिट, असं समजा. जानेवारी १९४७ मध्ये तो गेला, वय ३५. जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला मेजर लीगचं दार उघडलं ते १५ एप्रिलला. तीन महिने!

मला आपले दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवले. पुण्यात गोलंदाजी चालायची, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कॅप्टनपद काही मिळालं नाही. आपल्याकडे किती पोरांना हे नाव माहीत आहे? मलाही तिशीनंतर कळलं, उगाच कशाला शहाणपणा.

शेवटी मैदानात पोचलो. यष्टिरक्षकाच्या जागी गिब्सन बसलेला, मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. वर पाहिलं तर जाळीपलीकडे एक ब्राँझचा म्हातारा आत बघत उभा. मघाशी मी चिडून फोन झाडत होतो तिथेच, आणि तेव्हा मला दिसलासुद्धा नव्हता.

तो बक ओनील. कॅन्सस सिटीच्या मोनार्क्स संघाचा पहिल्या बेसवरचा खेळाडू, मग मॅनेजर, १९६२ मध्ये मेजर लीगमधला पहिला काळा कोच. हे म्युझियम उभं करायलाही तोच राबला. रात्री ताईकडे वाचत बसलो. २००६ मध्ये या जुन्या लीगशी संबंधित सतरा जणांना कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या मानाच्या यादीत, घेतलं, त्यात बकचं नाव नाही. वय ९४. तरी तो कूपर्सटाउनला गेला, त्या सतरा जणांच्या वतीने बोलला, वर लोकांना हातात हात धरून गायला लावलं. ऑक्टोबरात वारला. त्याचा नंबर लागला २०२२ मध्ये.

माझा फोटो भावोजींनी बाहेरूनच काढला, बकच्या शेजारी उभं राहून. मी आणि गिब्सन धूसर, जाळीची गाठ न् गाठ स्वच्छ.