ठिकाण कुठलं, ताई?

मंगळवार, रात्री उशिरा

रविवारी इन्स्टाग्रामवर टाकलेलं सोनकीच्या फुलांचं रील अजून पळतंय. काही नाही त्यात, पंधरा-वीस सेकंदांचं पिवळंधमक पठार, वारा आणि कड्यावरून खाली उतरणारं धुकं. जेवण झाल्यावर कमेंटी वाचत बसले. बहुतेकांचा प्रश्न एकच, "लोकेशन?" कुणी लाडीगोडी लावतंय, "ताई, आम्ही साताऱ्याचेच आहोत, आम्हाला तरी सांगा." एकाने चिडून लिहिलंय, "डोंगर काय तुमच्या नावावर आहे का?" नाही बाबा. सातबाऱ्यावर माझं नाव कुठेच नाही, तिथल्या फुलांचं तर त्याहून नाही.

भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला. तो पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे आणि माझ्या फुलांच्या पेजवर माझ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असतो. त्याचं लगेच उत्तर, "आत्या, कसली भारी खेळलीस! ठिकाण न सांगणं हा एक नंबर हुक आहे."

मी खेळले वगैरे काही नव्हते. पण त्याने फोनवर जे समजावलं ते डोक्यात राहिलंय. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2025 च्या जानेवारीत उघडच सांगून टाकलं होतं की तीन गोष्टी सर्वांत जास्त मोजल्या जातात: लोकांनी किती वेळ पाहिलं, किती जणांनी लाइक केलं आणि किती जणांनी ते दुसऱ्याला पाठवलं. अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर त्यातही पाठवण्याला वजन जास्त. आता माझ्या रीलचं काय होतं बघ, भाचा म्हणाला. पाहणाऱ्याला ठिकाण कळत नाही, म्हणून तो ते पुन्हा पाहतो. पुन्हा पाहूनही कळत नाही, म्हणून मित्राला पाठवतो, "हे कुठंय रे?" म्हणजे गर्दी होऊ नये म्हणून मी जे दडवते, त्याच दडवण्यामुळे रील लांब जातं.

काही लोक तर हे ठरवून करतात. "कमेंटमध्ये 'फूल' लिहा, ठिकाण मेसेजवर मिळेल." तसे मेसेज आपोआप पाठवून देणारी टूल्सही मिळतात. माझ्या गप्प बसण्यात आणि त्या युक्तीत वरवर पाहणाऱ्याला काही फरक दिसणार नाही, हे मला फार लागलं.

तेव्हा आजपासून कॅप्शनची पहिली ओळ पक्की केली: "ठिकाण: सातारा जिल्हा. याहून जास्त सांगणार नाही, कारण तिथे गर्दी सांभाळायला कुणी नाही." भाचा म्हणाला, पहिल्याच ओळीत असं लिहिलंस तर लोक पुढे सरकतील. सरकू देत.

कास पठाराचं मात्र नाव मी बिनधास्त सांगते. तिथे जायचं कसं, नोंदणी कशी करायची, सगळं हायलाइट्समध्ये लावून ठेवलंय. पश्चिम घाटाच्या ज्या 39 जागा युनेस्कोने 2012 साली जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या, त्यांत कास आहे. यादीत नाव आल्यावर फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी साताऱ्यापासून वरपर्यंत गाड्यांची रांग लागायला लागली. पण तिथे पुढे व्यवस्थाही उभी राहिली. वनखातं आणि आसपासच्या गावांची समिती मिळून काम बघतात, शुल्क घेतात, ऑनलाइन नोंदणी आहे, दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घातली गेली. गावातल्या पोरांना हंगामाचं काम मिळतं. फुलांत बसकण मारून फोटो काढणाऱ्याला उठवायला शिट्टी घेऊन माणूस उभा असतो. कासला झालेली गर्दी मला आवडते असं नाही, पण ती कुणाच्या तरी हिशेबात आहे.

बाकीच्या पठारांवर शिट्टीवाला नाही. जांभ्या खडकावर कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं माती, आणि त्यातच फुलझाडांचं वर्षभराचं बी. चार चाकं एकदा फिरली की पुढच्या भादव्यात तिथे नुसता खडक. माझा नियम म्हणूनच सोपा आहे: जिथे तिकीट फाडणारं कुणी आहे, तिथलं नाव सांगायचं. पेजवर वीस हजारांच्या वर माणसं आहेत. त्यातल्या शंभरांतल्या एकानेही गाडी काढली तरी दोनशे जण होतात, आणि त्यांना तिथे मी पाठवलेलं असतं.

बुधवार

ऑफिसात टॅक्स ऑडिटची घाई, मान वर करायला फुरसत नाही. त्यात दुपारी कासच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यांचा मेसेज. दोन रात्री राहणं-खाणं फुकट, बदल्यात एक रील आणि तीन स्टोऱ्या. खाली बारीकशी अट, "जाहिरात आहे असं लिहू नका, ऑरगॅनिक वाटलं पाहिजे."

मी करसल्लागाराच्या ऑफिसात कारकुनी करते, हे त्यांना काय ठाऊक! जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने 2021 मध्येच सांगितलंय की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2023 च्या जानेवारीत तेच पुन्हा बजावलं, आणि त्यात फुकट मुक्कामही धरला. शिवाय बोलणं ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. म्हणजे मराठीत बोलून कोपऱ्यात बारीक इंग्रजी हॅशटॅग चिकटवला की भागलं, असं नाही. आयकराचा तर 1 जुलै 2022 पासून नियम आहेच. व्यवसायापोटी वर्षभरात 20,000 रुपयांवरचा फायदा वस्तूच्या रूपात दिला तरी देणाऱ्याने 10 टक्के कर कापायचा. आमच्याकडे हल्ली असे दोन-तीन इन्फ्लुएन्सर पक्षकार येतात. फुकट मिळालेला मोबाईल हे उत्पन्न आहे, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

रिसॉर्टवाल्यांना लिहिलं, "करेन, पण वर ठळक 'जाहिरात' असं येईल. आणि मागच्या पठारावर तुम्ही जो 'सनसेट पॉइंट' म्हणून गाड्या सोडता, तो मी दाखवणार नाही." दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

शुक्रवार

पेज मी फेसबुकवर सुरू केलं ते फुलांची नावं विचारायला. तेव्हा मला तेरडा आणि गेंद सोडून फारसं काही ओळखू येत नव्हतं. फोटो टाकला की कुठले तरी निवृत्त वनस्पतिशास्त्राचे सर खाली नाव लिहायचे, मग दुसरे सर येऊन ते नाव खोडायचे, आणि दोघांची जुंपायची. पन्नास-साठ माणसं असतील, पण प्रत्येकाचा स्वभाव माहीत होता. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने पेजपेक्षा नातेवाईक-मित्रांच्या पोस्टना वरचढ जागा द्यायचं ठरवलं आणि पेज आवडलेल्या माणसालाही पेज दिसेनासं झालं. मी इन्स्टाग्रामवर आले ते त्या कंटाळ्याने. मग 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, 8 जुलैला इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणले, आणि सगळा बाजार तिकडे सरकला.

रीलचा मोठा बदल आकड्यांपेक्षा वेगळाच आहे, आणि तो कळायला मला बराच वेळ लागला. फॉलोअर म्हणजे आपला प्रेक्षक, ही समजूत रीलने मोडीत काढली. इन्साइट्स उघडून पाहिलं तर सोनकीचं रील पाहणाऱ्यांत बहुसंख्य लोक मला फॉलो न करणारे आहेत. त्यांनी पठारावर कसं वागायचं याबद्दल मी वर्षानुवर्षं लिहिलेलं एक अक्षर वाचलेलं नाही, वाचणारही नाहीत. त्यांना पिवळं दिसलं, आवडलं, संपलं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, रीलचा तेवढाही टिकत नाही. पण तेवढ्यातही पठारावर जाऊन येणारे असतातच.

मग मी वाटणी करून टाकली. रीलमध्ये फक्त भरपूर असणारं फूल: सोनकी, तेरडा, कारवीचं वर्ष असेल तर कारवी. कंदीलपुष्पाच्या जाती, वायतुरा असलं काही दुर्मीळ सापडलं तर ते फोटोंच्या पोस्टमध्ये, लांब मजकुरासह, कारण ती पोस्ट बहुतेक जुन्याच माणसांपर्यंत पोचते. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. अगदीच नाजूक जागा असेल तर स्टोरी, तीही क्लोज फ्रेंड्सच्या यादीला. त्या यादीत फेसबुकवरचे भांडणारे दोन्ही सर आहेत. अजून भांडतात.

फोटो काढतानाही आता नजर फुलामागे जाते. पवनचक्की आली की चाळकेवाडीची बाजू कळते, सज्जनगडाचा माथा आला की दिशा कळते, आणि उरमोडीचं पाणी चकाकलं तर सातारकर पोरगा उंचीसकट जागा सांगतो. म्हणून मी पोटावर झोपून खालून आकाशाकडे फोटो काढते. लोक म्हणतात, ताई, तुमची फ्रेम फार वेगळी असते!

फोनच्या फोटोत जीपीएस दडलेलं असतं, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकवर चढवलेल्या फोटोतली ती माहिती दुसऱ्यांना मिळत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सगळं जसंच्या तसं जातं. अभ्यासकांना पाठवायचं तर मी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर नोंद करते. दुर्मीळ जातींची जागा ती साइट स्वतःहून धूसर करते, 0.2 अंशांच्या चौकोनात कुठे तरी टिंब टाकते. आपल्याकडे तो चौकोन साधारण 20-22 किलोमीटर बाजूचा होतो. शोधा म्हणावं.

भाच्याला हे सगळं अतिरेकी वाटतं. त्याचं म्हणणं, "आत्या, तू ज्या वेगाने वाढू शकतेस त्याच्या निम्म्याने वाढतेयस." असेल. वाढ नको असं मी म्हणत नाही. आकडा वर गेला की मलाही बरं वाटतं, सकाळी चहाआधी मी तोच बघते. पण 2024 च्या जुलैत माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी रील करायला गेलेली मुलगी दरीत पडून गेली, तेव्हापासून कड्याच्या टोकावरचा एकही व्हिडिओ पेजवर ठेवलेला नाही. जुने होते तेही उडवले. त्यातल्या एकाला बरेच व्ह्यूज होते, म्हणून भाचा दोन दिवस बोलला नाही.

शनिवार

आज झाडलोट. "तुमच्या पोस्टने कॉपीराइटचा भंग केलाय, 24 तासांत फॉर्म भरा नाहीतर अकाउंट बंद" असा मेसेज, वर निळ्या टिकचं चित्र. फसवणूक. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं 'आपली आजी' हे रेसिपींचं यूट्यूब चॅनेल 2020 च्या ऑक्टोबरात हॅक झालं होतं, ते बातम्यांत वाचल्यावरच मी दुहेरी पडताळणी चालू केली आणि बॅकअप कोड कागदावर लिहून गव्हाच्या डब्यात टाकले. हजार फॉलोअर विकणारा एक जण ब्लॉक. "कंदीलपुष्पाचा कंद कुरिअर कराल का, पैसे देतो" म्हणणारा कायमचा ब्लॉक.

कमेंटींना उत्तरं दिली. "फुलाचं नाव काय?" असं विचारणाऱ्याला आधी, "लोकेशन?"वाल्याला शेवटी. पहिल्या ओळीत उत्तर असूनही तो विचारतोच.

रविवार

सकाळी एका शाळेतल्या सरांचा मेसेज होता. सातवीची मुलं, एक एसटी, फुलं दाखवायचीत. कास नको, तिथे मुलं रांगेतच दमतात, दुसरं एखादं पठार सांगा. पेजवर न सांगितलेली जागा अशा माणसाला मी फोनवर सांगते. अर्धा तास बोललो. म्हटलं, गाडी डांबरीवरच थांबवा, वर चालत चला, दोन तुकड्या करा, पायवाट सोडायची नाही. फूल तोडायचं नाही, वहीत चित्र काढायचं. सीतेची आसवं दिसली तर मुलांना सांगा, हे इवलंसं निळं फूल मातीतले किडे खातं. मग कुणी कंटाळणार नाही. पुढच्या रविवारी मीही येते म्हटलं.

सरांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, "मुलांचा एक ग्रुप फोटो शाळेच्या पेजवर टाकला तर चालेल ना, मॅडम?"

"टाका की. फक्त मागे पवनचक्की येऊ देऊ नका."

"अहो, पोरं येतायत तीच पवनचक्की बघायला," सर म्हणाले.