न्यूजलेटरचा कापला जाणारा शेवट

बागकामाचं साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने आपलं न्यूजलेटर आमच्याकडे सोपवलं तेव्हा त्यांची तक्रार एकाच वाक्यात होती: "आमचे मेल लोकांपर्यंत पोचतच नाहीत." ही २०२४ मधली गोष्ट. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम लागू केले होते, त्यामुळे कुणाच्याही न्यूजलेटरला काहीही झालं तरी खापर त्या नियमांवर फुटत होतं. कंपनीच्या मार्केटिंगच्या मॅडमनीही तेच धरून ठेवलं होतं. आधीच्या एजन्सीने एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी डोमेनवर चढवल्या होत्या, पुन्हा पुन्हा तपासल्याही होत्या. तरी ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, उतरतच होतं.

मेल पोचेनासे झाले की पहिला संशय येतो तो वाचणारेच त्यांना स्पॅम ठरवतायत असा. न्यूजलेटर वाईट असतं तर मला कोडं पडलं नसतं. ते चांगलं होतं. कुंडीतली माती कधी बदलायची, पानं कडेने का करपतात, एखाद्या रोपाला जास्त पाणी झालंय हे हाताला कसं कळतं, असं सगळं त्यात असे. लिहिणाऱ्याला विषय ठाऊक होता आणि विक्रीची घाई कुठे दिसत नव्हती. असा मजकूर मागून घेणारा माणूस त्यावर स्पॅमचं बटण का दाबेल, हे मला समजेना.

त्या दिवशी दुपारी मोसमी सवलतीचा मेल सगळ्या यादीला जायचा होता. मी सकाळी बसले ती एवढंच बघायला, की तो नीट जाईल ना.

आधी जीमेलमध्ये त्यांचा मागचा अंक उघडून 'शो ओरिजिनल' केलं, म्हणजे मेलचा मूळ तपशील उघडला. तिन्ही तपासण्या पास. म्हणजे मेल खरोखर त्याच डोमेनवरून आलाय याबद्दल गूगलला शंका नव्हती. पण या नोंदी ओळख पटवतात, त्यापलीकडे काही नाही. समोरच्याला तो मेल हवा आहे की नको, हे त्या सांगू शकत नाहीत. हा फरक किती तरी ठिकाणी समजावून सांगावा लागतो. तीन हिरव्या खुणा दिसल्या की लोकांना वाटतं, इनबॉक्सचा परवाना मिळाला.

मग ओपन रेटचा एकत्रित आकडा फोडला. यादीतले जीमेलवाले वेगळे, बाकीचे वेगळे. हे काम मी नेहमीच करते, कारण एकत्रित ओपन रेटवर आता फार विसंबता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर ॲपल मेलमधली चित्रं आपणहून आधीच उतरवून घेतं, माणसाने तो वाचो न वाचो. ओपन मोजला जातो तो एका अदृश्य चित्रावरून, ज्याला ट्रॅकिंग पिक्सेल म्हणतात. त्यामुळे ॲपलच्या ॲपमधले बरेच मेल न उघडताही 'उघडले' म्हणून मोजले जातात. या कंपनीचा एकूण आकडा त्यामुळे जरा बरा दिसत होता. जीमेलचा मात्र धाडकन खाली आलेला.

आणि इथे एक विचित्र गोष्ट दिसली. जीमेलवाल्यांचे ओपन कमी झाले होते, पण क्लिक जवळजवळ तेवढेच होते. न उघडलेल्या मेलमधल्या लिंकवर कोणी क्लिक कसं करेल? म्हणजे माणसं मेल उघडत होती. पिक्सेलच त्यांच्यापर्यंत जात नव्हता.

हा धागा हातात असतानाच मी मॅडमना विचारलं, "न्यूजलेटरला कोणी उत्तर पाठवलं तर ते कुठे येतं?" त्या म्हणाल्या, "सपोर्टच्या मेलबॉक्समध्ये. पण आम्ही ती उत्तरं बघत नाही हो, बहुतेक सुट्टीवर असल्याची ऑटो-रिप्लाय असतात." मी ती मागवून घेतली. ऑटो-रिप्लाय होतेच, आणि त्यांच्यामध्ये एका बाईंचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की माझं नाव काढा म्हणून मी याआधीही कळवलं आहे, तुमच्या मेलमध्ये कुठेच अनसबस्क्राइब दिसत नाही, तेव्हा यापुढे मी दर वेळी स्पॅम दाबणार. भाषा अगदी सभ्य होती.

टेम्प्लेटमध्ये अनसबस्क्राइबची लिंक होती, मी स्वतः कोडमध्ये पाहिली होती. सगळ्यात तळाशी, पत्त्याच्या खाली. मग मी पुन्हा तोच अंक उघडला आणि या वेळी वाचणाऱ्यासारखी खाली खाली जात राहिले. सहा लेख. पाचव्या लेखातल्या एका वाक्याच्या मधोमध मजकूर तुटला आणि खाली करड्या अक्षरात ओळ आली: मेसेज क्लिप्ड, व्ह्यू एन्टायर मेसेज. त्यापुढे काही नाही. पत्ता नाही, अनसबस्क्राइब नाही, आणि कोडच्या अगदी शेवटी बसवलेला पिक्सेलही नाही.

जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठं एचटीएमएल दाखवताना कापतं. यात चित्रांचं वजन धरलेलं नसतं, कारण चित्रं बाहेरून येतात. वजन मोजलं जातं ते नुसत्या कोडचं. मॅडमची टीम चित्रं बारीक करण्यात तासन्‌तास घालवत होती आणि तिथे कापाकापीचा प्रश्नच नव्हता. वजन दुसरीकडे होतं. लेख वर्डमध्ये लिहून तिथून थेट एडिटरमध्ये चिकटवले जात, आणि वर्ड आपलं सगळं सामान बरोबर घेऊन येतं. 'सकाळी पाणी घाला' या तीन शब्दांभोवती फॉन्ट, आकार, रंग, ओळींमधलं अंतर सांगणारे एकात एक अडकलेले स्पॅन, म्हणजे कोडचे तुकडे, होते. तीन शब्द आणि त्यांच्यासाठी कितीतरी ओळींचा कोड.

चाचणीत हे कसं सुटलं? चाचणीचा मेल मर्यादेच्या आत बसत होता. खऱ्या पाठवणीच्या वेळी मात्र क्लिक मोजता यावेत म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक लिंक बदलून तिच्या जागी स्वतःचा लांबलचक पत्ता घालतं, आणि या अंकात प्रत्येक चित्र, प्रत्येक मथळा, प्रत्येक 'पुढे वाचा' ही लिंक होती. त्या पत्त्यांनी मेल रेषेपलीकडे गेला. चाचणीत दिसलेला मेल आणि वाचकाला मिळालेला मेल एक नव्हताच.

मग तक्रारी डॅशबोर्डवर का दिसल्या नाहीत, हा मॅडमचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता. त्यांच्या पॅनेलवर तक्रारींचा आकडा शून्याला टेकलेला. याहूसारख्या कंपन्या कोणी स्पॅम दाबलं की पाठवणाऱ्याच्या सेवेला ते पत्त्यासकट कळवतात. जीमेल असं माणसागणिक कळवत नाही. तिथे फक्त एकूण प्रमाण कळतं, तेही गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये जाऊन बघावं लागतं. तिथे कंपनीचं खातं होतं, पण ते उघडून कोणी बघत नव्हतं. आम्ही उघडलं. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या वर. गूगलचं सांगणं असं की ते ०.१ च्या खाली ठेवा आणि ०.३ ला तर कधीच टेकू देऊ नका. मध्येमध्ये आकडा एकदम खाली आलेला दिसत होता, तो पाहून मॅडमना बरं वाटलं. पण ते बरं वाटण्यासारखं नव्हतं. हे प्रमाण इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलवर काढलं जातं. मेल आधीच स्पॅममध्ये पडला असेल तर त्यावर पुन्हा स्पॅम कोण दाबणार?

राहता राहिली एक गोष्ट. जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीही अनसबस्क्राइब दाखवतं, मेलच्या हेडरमधली, म्हणजे मेलबरोबर जाणाऱ्या पण वाचकाला न दिसणाऱ्या माहितीतली, लिस्ट-अनसबस्क्राइब ही ओळ वाचून. ती ओळ होती. तिच्यात वेब पत्ता नव्हता, फक्त एक ईमेल पत्ता होता. "हा कोणाचा?" मी विचारलं. फोनवर जरा वेळ शांतता. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा निघाला. आयटीवाल्यांनी तो मेलबॉक्स बंद केला नव्हता. उघडला, तर पानंच्या पानं एकाच विषयाची: अनसबस्क्राइब. अनसबस्क्राइब. अनसबस्क्राइब. त्या बाईंचं नाव तिथे होतं, एकापेक्षा जास्त वेळा.

मला त्या क्षणी आकड्यांचं काही वाटेनासं झालं. इतक्या लोकांनी रीतसर मार्गाने, न चिडता, नाव काढायला सांगितलं होतं आणि आपण त्यांना दर आठवड्याला मेल पाठवत राहिलो होतो. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात अशा विनंतीसाठी कामाचे दहा दिवस दिले आहेत. गूगलचा नवा नियम त्याहून कडक आहे, दोन दिवसांचा. इथे महिने उलटले होते.

मी म्हटलं, "मॅडम, दुपारचा मेल थांबवा."

"अहो, सवलत आज जाहीर व्हायची आहे. वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे."

"या मेलबॉक्समधल्या लोकांना तो गेला तर त्यातले किती जण आज स्पॅम दाबतील? आणि त्याचा फटका ज्यांना सवलत हवी आहे त्यांना बसेल. त्यांचाही मेल स्पॅममध्ये जाईल."

त्यांनी वरच्यांशी बोलून घेतलं आणि मेल थांबवला. ते सोपं नव्हतं, आणि त्यांनी ते केलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

संध्याकाळपर्यंत त्या मेलबॉक्समधले सगळे पत्ते सप्रेशन लिस्टमध्ये गेले, म्हणजे पुन्हा कोणी जुनी यादी चढवली तरी त्यांना मेल जाणार नाही. आमच्या डेव्हलपरने हेडरमध्ये एका क्लिकवर नाव काढणारा वेब पत्ता बसवला; मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांकडून गूगल आता तेच मागतं. टेम्प्लेट मात्र मुळापासून बदलावं लागलं. सहापैकी एकच लेख पूर्ण, बाकीचे दोन-दोन ओळींत. मजकूर चिकटवताना फॉरमॅट काढून चिकटवायचा, हा नियम. मांडणीसाठी कोडमध्ये वापरलेली टेबलं तशीच ठेवली, कारण विंडोजवरचं जुनं आउटलुक अजून वर्डच्या इंजिनने मेल मांडतं आणि टेबलाशिवाय त्याच्यापुढे काही टिकत नाही. सब्जेक्टशेजारी दिसणारी ओळ दर अंकात 'मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा' अशी होती; तिथे लेखातलं पहिलं कामाचं वाक्य आणलं.

वाद झाला तो एकाच जागेवरून. मला अनसबस्क्राइबची लिंक तळाशी तर हवीच होती, वर लोगोखालीही हवी होती. "आल्या आल्या बाहेरचं दार दाखवायचं?" मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे तो मेलबॉक्स पुन्हा उघडून ठेवला. जायचं ठरवलेला माणूस लिंक नाही म्हणून थांबत नाही. तो स्पॅम दाबून जातो, आणि जाताना राहिलेल्यांचं नुकसान करून जातो. लिंक वर आली.

सवलतीचा मेल त्याच आठवड्यात गेला, लहान यादीला. पहिल्या काही अंकांत बरीच माणसं गेली आणि मॅडमचे फोन आले. तक्रारींचं प्रमाण ०.१ च्या खाली यायला बरेच आठवडे लागले. गूगलची मर्जी एका चांगल्या अंकाने फिरत नाही. पुढे कंपनीत कोणी तरी सुचवलं की गेलेल्यांना 'परत या' असा एकच मेल पाठवून बघू. मी नाही म्हटलं, आणि या वेळी मॅडमनीच माझी बाजू धरली.

मेलच्या आतल्या लिंकवरून जे पान उघडतं, तिथे आता 'नाव काढा'च्या खाली 'महिन्यातून एकदाच पाठवा' असा पर्याय आहे. तो निवडणारे पुष्कळ निघाले. त्यांच्यासाठी वेगळा अंक निघतो, आणि महिन्याभरातला कोणता एक लेख त्यात घ्यायचा यावर लिहिणारा आणि मॅडम यांची दर वेळी खडाजंगी होते.