दोन इंच

आज कटिंगला हातच लागला नाही. संध्याकाळी मशीनवर झाकण टाकलं आणि दुकानातच बसून राहिले. यांनी फोन करून विचारलं, डोकं दुखतंय काय. हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर 'एवढंच होय' म्हणाले असते. आणि आहेही ते एवढंच. मृणालने माप देताना श्वास आत ओढला आणि सोडलाच नाही.

तसा सगळ्याच बायका ओढतात. कमरेला टेप लागली की पोट आत जातं, मग दोघीही हसतो, मी म्हणते सोडा आता, नाहीतर पंगतीत हुक तुटेल, आणि त्या सोडतात. मृणाल हसली नाही. "सोड की गं," म्हटलं तर म्हणाली, "सोडलाय की, काकी." टेपेखाली बरगड्या हाताला लागत होत्या आणि त्या हलत नव्हत्या. मी वहीत आकडा लिहायला वाकले तशी हळू आवाजात म्हणाली, "त्यातनं दोन इंच कमी करून शिवा. दादाच्या लग्नापर्यंत मी अजून बारीक होतो."

"अजून कुठं बारीक होतीस?"

"४४ वर आणायचंय."

किलो. मग फोनवरचा फोटो दाखवला. पाठ उघडी, बारीक दोरी, प्रिन्सेस कट, आणि आत एक मुलगी, जिच्या गळ्याच्या हाडांत पाणी साठेल. "सेम असंच बसायला पायजे."

मृणालचं पान माझ्या जुन्या वहीपासून आहे. बारशाचं झबलं मीच शिवलं, मग परकर-पोलकं, शाळेचा युनिफॉर्म, दहावीच्या निरोप समारंभाचा ड्रेस. दर खेपेला मागचा आकडा खोडायचा, नवा लिहायचा, आणि तिची आई, वहिनी, म्हणायच्या, वाढत्या अंगाचं आहे, शिवणीत जादा कापडाची भरपूर माया सोडा. पुढं कॉलेजला गेल्यावर आकडे एका जागी थांबले. थांबायचेच. आता ते उलटे चाललेत. गणपतीतल्या मापापेक्षा आजचं कमी, आणि गणपतीतलं मे महिन्यातल्यापेक्षा. पान समोर उघडं आहे आणि मी त्याच्याकडं बघत बसलेय.

मला नेमकं काय लागलं ते सापडत नाही. भीती आहे, ती तर आहेच. राग आहे, पण तो कुणावर काढायचा? सगळ्यांत खोल लागलं ते हे, की तिला माझ्यासमोर लाज वाटली. माझ्या टेपेची भीती वाटली. मी तिला उघडीनागडी बघितलेली बाई. तिच्या छातीला पहिल्यांदा टक्स घालायची वेळ आली तेव्हा वहिनी लाजल्या होत्या, मी नाही, आणि मृणाल तर अजिबात नाही. आपलं अंग चोरायचं ते तिला कुणी शिकवलं?

तो फोटो मी माझ्या फोनवर घेऊन मोठा करून बघितला. हा माझा धंदा आहे, मला कळतं. बाहीजवळ कापड ज्या रेघेत ताणलंय, तसं शिवलेलं कापड कधी ताणत नाही. मागून चिमटे लावलेत. कॅटलॉगच्या फोटोत हे सर्रास चालतं. समोरून चापून बसलेलं दिसावं म्हणून पाठीमागं कापड गोळा करून क्लिपा मारतात. माझ्या दारातल्या पुतळ्यालाही मी टाचण्या लावूनच ब्लाऊज घालते. त्या पुतळ्याची कंबर २४ इंच आहे. तशा कंबरेची मोठी बाई दुकानात मापाला आल्याचं मला आठवत नाही. म्हणजे जी मुलगी आधीच इतकी बारीक आहे, तिलासुद्धा तो ब्लाऊज चिमट्याशिवाय बसलेला नाही. हे मृणालला सांगायला हवं होतं. ती गेल्यावर सुचलं.

आणि ती मुलगी तरी इतकी बारीक का? मोठ्या फॅशन शोचे नमुन्याचे कपडे एकाच मापात कापतात आणि त्यात मावणाऱ्या मुली शोधतात. कापडात माणूस मावायला हवा, असं तिथलं गणित. आमच्या मास्तरांनी असा ब्लाऊज कापलेला बघितला असता तर कात्री काढून घेतली असती हातातली.

रात्री जेवणं झाल्यावर वाचत गेले. १९६६ साली लंडनमध्ये ट्विगी नावाची काडीसारखी मुलगी गाजली, तिथपासून हे वेड पसरत गेलं म्हणतात. आपल्याकडं २००८ च्या सुमारास करीनाच्या साइझ झिरोवर पेपरांनी रकाने भरले होते, ते मला चांगलं आठवतं, कारण तेव्हा कॉलेजच्या पोरी दुकानात तो शब्द घेऊन यायला लागल्या. पण उरुग्वेचं मला ठाऊक नव्हतं. लुइसेल रामोस, वय २२, २००६ च्या ऑगस्टमध्ये शो चालू असताना कोसळली आणि गेली. हृदय बंद पडलं. सहा महिन्यांनी तिची धाकटी बहीण एलियाना, तीही मॉडेल, वय १८, तीही तशीच. दोन पोरी एका घरातल्या. २००६ च्याच नोव्हेंबरात ब्राझीलची मॉडेल आना कारोलिना रेस्तोन, २१ वर्षांची, उपाशी राहण्याच्या आजारानं, अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात त्याला. तिघींच्या आयांचा विचार करत राहिले. शेवटचं माप कुणी घेतलं असेल त्यांचं? घेणाऱ्याच्या हाताला काही लागलं नसेल?

लुइसेल गेल्यानंतर पुढच्याच महिन्यात माद्रिदच्या फॅशन वीकवाल्यांनी नियम केला: बीएमआय १८ च्या खाली असेल तर स्टेजवर चढायचं नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, तो बीएमआय. मृणालची उंची माझ्या वहीत आहेच, पाच फूट चार इंच. कॅल्क्युलेटर घेऊन बसले. १८ यायला तिचं वजन ४८ किलोच्या जवळ हवं. ४४ ला येतो साडेसोळा आणि थोडा.

म्हणजे ज्या बायकांसारखं व्हायला ती जेवण सोडतेय, त्यांच्यात ती जाऊन उभी राहिली असती तर त्यांनीच तिला परत पाठवलं असतं. दोन-तीनदा हिशेब केला. तेवढाच येतो.

फ्रान्समध्ये तर २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि जाहिरातीतल्या फोटोत अंग बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर फोटो सुधारलेला आहे असं त्यावर छापावं लागतं. मृणालच्या फोनवर कोण छापणार?

एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जात नाही. फिजी बेटांवर धट्टंकट्टं अंग म्हणजे चांगल्या घरचं लक्षण. पाहुण्याला आग्रह करून करून वाढायचं. कुणी वाळायला लागलं तर लोक काळजीत पडायचे, याच्याकडं घरचे बघत नाहीत की काय. तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. अ‍ॅन बेकर नावाच्या अमेरिकन बाईंनी टीव्ही नुकताच आलेला असताना शाळकरी मुलींना प्रश्न विचारून ठेवले होते आणि तीन वर्षांनी पुन्हा विचारले. वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती. १९९८ ला शंभरात अकरा निघाल्या.

हे वाचताना मला फिजी दिसेना, आमची गल्लीच दिसायला लागली. पांढऱ्या रश्शाची तिसरी वाटी नको म्हटलं तर यजमान रुसतो ते हे गाव. म्हशीची धार समोर काढून फेसासकट ग्लास हातात देणारं. माहेरी आलेली लेक वाळलेली दिसली की आमच्या आईची पिढी दारातच विचारायची, खायला घालतात काय गं तिथं? त्या प्रश्नात सासरची झडती असायची, पण लेकीची विचारपूसही असायची. आज मृणाल दुकानात शिरली तेव्हा फॉल-बिडिंगला आलेल्या दोघी काय म्हणाल्या? "किती छान मेंटेन केलंयस गं! काय करतीस?" मृणालचा चेहरा उजळला. आख्ख्या वेळात तेवढाच उजळला.

आणि नवरात्र. नऊ दिवस तिचा उपास होता, वहिनी कौतुकानं सांगत होत्या, अंबाबाईचं पोरीला किती आहे. पाच दिवस पाण्यावर. उपास करणाऱ्या मुलीला आपण जेव म्हणत नाही, हे तिला कळलंय. देवीवर तिची श्रद्धा आहे, मी ते नाही म्हणत नाही. पण दसरा होऊन गेला तरी ती जेवत नाही, आणि ते कुणाच्या लक्षात नाही.

मामंजी तालमीतले. जत्रेतल्या मातीतल्या कुस्तीला वजनाचा काटा नसतो, पण मॅटवाली पोरं वजन तोडतात ते मी या घरात येऊन बघितलं. पाणी बंद, जाड कपडे घालून पळायचं, गाल बसलेले. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश १०० ग्रॅमनी अंतिम फेरीतून बाहेर गेली तेव्हा मामंजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण तालमीत वजन तोडणाऱ्या पोराच्या मागं वस्ताद असतो. काटा झाला की पोरापुढं खायला येतं. कधी थांबायचं ते ठरलेलं असतं. मृणालला थांब कोण म्हणणार? ४४ झालं की ती ४२ म्हणणार.

पोरांचंही चाललंयच. मधूचा राजू रात्री अकराला जिममधनं येतो, डबा भरून पावडर, आरशासमोर शर्ट वर करून फोटो. पण आज त्यात शिरत नाही.

मगाशी मला माझीच कीव आली. वाटलं, कशाला केलं हे सगळं. आयुष्य या टेपेत गेलं. कुणाचा एक खांदा खाली, कुणाच्या पाठीला पोक, ऑपरेशननंतर आलेल्या बाईला एका बाजूनं पॅड घालून दिलेला ब्लाऊज, तिनं आरशात बघून माझा हात धरला होता. अंग जसं आहे तसं देखणं दिसावं, ही माझी विद्या. आणि एक पोर चार इंचाच्या काचेवरचा फोटो दाखवून सांगते, माझं अंग तुमच्या वहीत आहे तसं लिहूच नका. रडले थोडी. दुकानात कुणी नव्हतं.

मग उठून दिवा लावला, चहा केला. चहा पिताना लक्षात आलं की ती माझ्याकडं आली. ऑनलाइन तयार ब्लाऊज मिळतो, दोन इंच लहान हवा तर दोन इंच लहान, कुणी विचारत नाही. तरी ती माझ्याकडं आली, आणि ४४ चा आकडा बहुतेक तिनं घरात सांगितलेला नाही, मला सांगितला. मी फोनशी भांडू शकत नाही. माद्रिदला नियम करणारी मी कोण! डॉक्टरही नाही. पण तिच्या अंगाला हात लावून काय कमी झालंय ते सांगू शकणारी या घडीला मीच आहे, आणि जे मला दिसलं ते वहिनींना दिसलेलं नाही, कारण ती घरात ढगळ कुर्ता घालून असते.

दिसलं ते लिहून ठेवते. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिनं स्वेटर घातला होता. हात बर्फासारखे. दंडावर बारीक लव, आधी नव्हती. केस विरळ झालेत, भांग रुंद दिसतो. पाळीचं विचारायला हवं, ते आईनंच विचारलेलं बरं. डॉक्टर लोक हीच लक्षणं सांगतात. आणि हेही सांगतात की हा हट्ट नाही, नखरा नाही, आजार आहे. मनाच्या ज्या आजारांनी माणसं सगळ्यांत जास्त दगावतात त्यांत हा मोडतो. वहिनी 'जेवत नाही मेली' म्हणून ओरडतील, त्यांना हे आधी सांगावं लागेल. सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. मनाच्या त्रासासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलाय, सरकारी आहे, फोनवर मराठीतही बोलता येतं.

मृणाल चिडेल. मी विश्वासघात केला म्हणेल. म्हणू दे. तिच्याशी आधी बोलणार, एकटीशी, वहिनी यायच्या आत. तो फोटो मोठा करून चिमटे कुठं लावलेत ते दाखवणार. त्यानं काही होईलच असं नाही, पण शिवणकाम तिला लहानपणापासून आवडतं, बघेल तरी.

ब्लाऊज आजच्या मापानं कापणार. दोन इंच कमी नाही. आतून माया नेहमीपेक्षा जास्त ठेवतेय, दोन्ही बाजूंनी, म्हणजे तिचं अंग भरलं की उसवून सोडता येईल. परवा ट्रायलला बोलावलंय तिला चारला, आणि वहिनींना साडेचारला, त्यांच्या पैठणीच्या फॉलचं निमित्त सांगून.